पाच वॅटचा आवाका

देवगिरीच्या माथ्यावर उभं राहून पाच वॅटच्या हँडसेटवर बोललं, तर आवाज किती लांब जाईल याचं गणित आठवीतल्या मुलालाही जमेल. अँटेना आसपासच्या जमिनीपेक्षा जितके मीटर उंच असेल, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ४.१ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. क्रांती चौकात सेट हातात धरून उभ्या असलेल्या माणसाची अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर असते. त्याचं रेडिओ-क्षितिज पाच किलोमीटरवर संपतं. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण दोनशे मीटर वर उठलेला आहे. तिथून तेच क्षितिज ५८ किलोमीटरवर जातं. आपलं छत्रपती संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून ५६८ मीटरवर आणि म्हैसमाळ १०६७ मीटरवर. म्हणजे म्हैसमाळच्या कड्यावर उभा राहणारा माणूस शहराच्या पातळीपेक्षा पाचशे मीटर उंच असतो आणि नव्वद किलोमीटरपर्यंतचा मुलूख त्याच्यासमोर मोकळा होतो. जालना, पैठण, वैजापूर, गंगापूर, सिल्लोड ही सगळी गावं कागदावर तरी त्या वर्तुळात बसतात.

या हिशेबात सेटच्या किमतीचा कुठेही संबंध आला नाही. दोन मीटरच्या पट्ट्यातले तरंग जवळपास प्रकाशासारखे सरळ जातात. वाट मोकळी असली की पाच वॅट पुरतात, मध्ये डोंगर आला की पन्नास वॅटही अपुरे पडतात. छत्रपती संभाजीनगरात राहून हौशी रेडिओ सुरू करू पाहणाऱ्याने सेटच्या जाहिराती वाचण्याआधी जिल्ह्याचा नकाशा उघडावा, असं मला मनापासून वाटतं. सातारा डोंगर, गोगाबाबा टेकडी, देवगिरी, म्हैसमाळ हे आपलं खरं भांडवल आहे. ते इथल्या प्रत्येकाला फुकट मिळालेलं आहे.

हौशी रेडिओ, जगाच्या भाषेत हॅम रेडिओ, म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन घेऊन, ठरवून दिलेल्या कंप्रतांवर दुसऱ्या हौशी माणसाशी बोलण्याचा छंद. त्यात कंपनी नाही, सिमकार्ड नाही, महिन्याचं रिचार्ज नाही. दोन अँटेना आणि त्यांच्यामधली हवा, एवढीच सामग्री. भारतात हा छंद १९२१ मध्ये कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांच्या केंद्रांपासून सुरू झाला, म्हणजे आकाशवाणीपेक्षा तो वयाने मोठा आहे. आज भारतीय हॅमच्या कॉलसाइनची सुरुवात ‘व्हीयू’ने होते. जनरल श्रेणीच्या परवान्याला व्हीयू-टू आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू-थ्री. राजीव गांधींकडे व्हीयू-टू-आरजी हे कॉलसाइन होतं आणि सोनिया गांधींकडे व्हीयू-टू-एसओएन.

पूर्वी या छंदाचं दार जड होतं. जपानी सेट परदेशातून आणायचा, त्यावरची जकात भरायची, नाहीतर लष्कराने भंगारात काढलेल्या संचांतून सुटे भाग काढून घरी जोडणी करायची. सोल्डरिंगचा हात चांगला असलेला माणूस टिकायचा, बाकीचे परीक्षा पास होऊनही मुके राहायचे. ही परिस्थिती २०१२ च्या सुमारास पालटली. चीनच्या फूजियान प्रांतातल्या बाओफेंग कंपनीने यूव्ही-५आर नावाचा हातात मावणारा सेट बाजारात आणला आणि पुढे अमेरिकेत तो पंचवीस-तीस डॉलरला मिळू लागला. जपानी हँडसेटच्या मानाने ही किंमत इतकी कमी होती की जुन्या हॅमचा आधी विश्वासच बसेना.

तो स्वस्त का झाला, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचे गुण आणि दोष दोन्ही तिथूनच निघतात. पारंपरिक हँडसेटमध्ये आलेला संदेश टप्प्याटप्प्याने खालच्या कंप्रतेवर आणतात. प्रत्येक टप्प्यावर गाळण्या, कॉइल, क्रिस्टल असतात आणि कारखान्यात एकेक सेट जुळवून घ्यावा लागतो. यूव्ही-५आरमध्ये ही बहुतेक कामं आरडीए-१८४६ नावाच्या एकाच चिपमध्ये होतात. जुळवणीचे हात कमी झाले, सुटे भाग कमी झाले, किंमत कोसळली. पुढे २०२३ च्या आसपास क्वानशेंग कंपनीचा यूव्ही-के५ आला. त्यात बेकेन कंपनीची बीके-४८१९ ही चिप आहे. जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी त्या सेटच्या आतली आज्ञावली बदलून त्यात असे काही गुण घातले, की मूळ कंपनीनेही त्यांची कल्पना केली नसेल. स्पेक्ट्रम दाखवणारा छोटा आलेख त्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिला की इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याचे डोळे चमकतात. पुस्तकातल्या आकृत्या तिथे हलताना दिसतात.

आता दोष. एकाच चिपवर भागवल्यामुळे या सेटच्या तोंडाशी पक्की गाळणी नसते. शांत माळरानावर तो छान ऐकतो. पण त्याला गच्चीवरची मोठी अँटेना जोडली आणि जवळपास एफएम केंद्राचा किंवा मोबाइलचा मनोरा असला, की नको असलेल्या शक्तिशाली लहरी आत घुसतात आणि सेट बहिरा होतो. गुलमंडीच्या दिवाळीच्या गर्दीत कोणी कानाशी कुजबुजावं आणि ऐकू येऊ नये, तसं हे होतं. नवशिक्याला वाटतं, मोठी अँटेना लावूनही काही येत नाही म्हणजे अँटेनाच वाईट. अँटेना चांगली असते, सेटला ती पेलत नाही. दुसरा दोष दुसऱ्याला त्रास देणारा आहे. १४५ मेगाहर्ट्झवर बोलताना २९० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दुप्पट कंप्रतेवर, थोडी ऊर्जा सांडते. प्रत्येक प्रक्षेपकात ती सांडतेच, पण चांगला सेट ती मर्यादेत ठेवतो. अमेरिकन हॅमांची राष्ट्रीय संस्था असलेल्या एआरआरएलच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे मेळाव्यांत सेट तपासले, तेव्हा स्वस्त चिनी सेटांपैकी बरेच या कसोटीला उतरले नाहीत. एकाच नावाच्या दोन सेटांतही फरक निघतो. म्हणून पहिला सेट घेतल्यावर ज्याच्याकडे स्पेक्ट्रम ॲनलायझर आहे अशा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो एकदा तपासून घ्यावा. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत असं उपकरण मिळणं अवघड नाही.

* * *

कायद्याच्या भागाबद्दल मी जरा आग्रहाने लिहिणार आहे, कारण स्वस्त सेटची सगळी गंमत आणि सगळा धोका इथे एकत्र आहे.

यूव्ही-५आर खोक्यातून काढला की तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० किंवा त्याहून वरच्या मेगाहर्ट्झपर्यंत बोलू शकतो. भारतात हौशी लोकांना त्यातला फारच लहान तुकडा दिलेला आहे: १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. उरलेल्या जागेत पोलीस, अग्निशमन, रेल्वे, विमानतळ, कारखाने, सुरक्षा यंत्रणा अशा कोणाकोणाचा कारभार चालतो. जपानी हॅम सेट बहुधा हौशी पट्ट्याबाहेर बोलतच नाही. चिनी सेट मात्र बटण दाबाल तिथे बोलतो. चुकून दाबलेलं एक बटण कोणाच्या तरी तातडीच्या निरोपावर जाऊन आदळू शकतं. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. चर्प नावाचं मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर घ्यायचं, केबलने सेट जोडायचा आणि प्रक्षेपणाची हद्द १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ अशी बांधून टाकायची. सेट हातात आल्यावर पहिलं काम हेच करावं, बाकीच्या स्मृती-वाहिन्या मागाहून भराव्यात.

पण त्याच्याही आधीची पायरी म्हणजे परवाना. बिनतारी संच विनापरवाना जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरतो, ही तरतूद १९३३ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. ऑनलाइन बाजारात मात्र हे सेट खेळण्यांच्या शेजारी, ‘ट्रेकिंगसाठी उत्तम’ अशा मथळ्याखाली विकले जात होते. कोणत्या कंप्रतेवर चालतो, परवाना लागतो की नाही, याचा कुठे उल्लेख नसे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा ऑनलाइन विक्री मंचांना याबद्दल नोटिसा बजावल्या आणि त्याच महिन्यात वॉकीटॉकीसह रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. हे व्हायलाच हवं होतं. ट्रेकला जाणाऱ्या ज्या मंडळींना फक्त आपापसांत बोलायचं आहे, त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा लहानसा पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे. त्यासाठी बनवलेले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त सेट मिळतात. त्यांनी तेच घ्यावेत. यूव्ही-५आर त्यांच्यासाठी नाही.

आणि परीक्षा? तिचा बाऊ करण्यासारखं काही नाही. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता यावं लागतं. लेखी भाग दोन. एकात रेडिओचं प्राथमिक शास्त्र: ओहमचा नियम, रोध, धारित्र, ट्रान्झिस्टर, मॉड्युलेशन, अँटेना, तरंगांचा प्रवास. दुसऱ्यात नियम: कुठे बोलायचं, काय बोलायचं नाही, कॉलसाइन कधी सांगायचं, नोंदवही कशी ठेवायची. बारावी विज्ञान झालेल्याला पहिला भाग ओळखीचा वाटतो. कला किंवा वाणिज्य शाखेतला माणूस थोडा वेळ घेतो, पण त्यालाही तो जमतो. शास्त्र शिकण्यासाठी परीक्षा हे निमित्त आहे, असं धरून अभ्यास केला तर तो सुखाचा होतो. परवाना वीस वर्षांचा किंवा आयुष्यभराचा घेता येतो. हौशी केंद्रावरून धंद्याची बोलणी चालत नाहीत, सांकेतिक भाषा चालत नाही. बोलणं उघड आणि साधं हवं. मराठीत बोललं तरी चालतं, आणि दोन मीटरवर मराठी ऐकताना फार बरं वाटतं.

परवाना येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेब-एसडीआर २००८ मध्ये सुरू झाला. ब्राउझर उघडला की तिथल्या अँटेनावर काय ऐकू येतंय ते आपल्याला संभाजीनगरात बसून ऐकता येतं. लघुलहरींवर कोण कोणाला हाक मारतं, ‘सीक्यू’ कसं म्हणतात, संदेशाची ताकद ‘फाइव्ह नाइन’ अशी कशी सांगतात, निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ का म्हणतात, हे सगळं कानाने शिकण्याचं आहे. चार महिने नुसतं ऐकलेला माणूस पहिल्यांदा बोलताना अडखळत नाही.

* * *

परवाना आला, सेट आला, हद्द बांधली. आता खरा खेळ अँटेनाचा.

सेटसोबत आलेली रबरी कांडी ही तडजोड असते. खिशात मावावी म्हणून तार गुंडाळून आखूड केलेली असते आणि त्यात बरीच शक्ती वाया जाते. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगाची लांबी साधारण ४९ सेंटिमीटर येते. कमीत कमी खर्चाची सुधारणा अशी: तेवढ्याच लांबीची साधी मऊ तार घ्यायची, तिचं एक टोक अँटेनाच्या बुडाशी सेटच्या धातूच्या कड्याला लागेल असं अडकवायचं आणि तार खाली लोंबती सोडायची. रबरी कांडीला जमिनीचा आधार मिळाल्यासारखं होतं आणि फरक दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू येतो. याच्या पुढची पायरी म्हणजे घरी बांधलेली ग्राउंड प्लेन अँटेना. एक सॉकेट, त्याच्या मध्यावर उभी ४९ सेंटिमीटरची तांब्याची तार आणि चार बाजूंना खाली तिरप्या चार तारा. हँडसेटला ती गच्चीवर जोडली की क्षितिज बदलतं, कारण तीन मजल्यांच्या घराची गच्ची दहा मीटरवर असते आणि दहाचं वर्गमूळ काढून गुणलं की तेरा किलोमीटर मिळतात.

ज्यांच्या घरी दूरदर्शनच्या जमान्यातली चपटी, दोन तारांची ३०० ओहमची केबल अजून पडून असेल, त्यांनी ती फेकू नये. तिच्या दीडएक मीटर तुकड्यातून गुंडाळून पिशवीत टाकता येणारी जे-पोल अँटेना बनते. झाडाच्या फांदीला दोरीने टांगली की झालं. तंत्रनिकेतनातल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना हे एका दुपारी शिकवता येतं. स्टँडिंग वेव्ह रेशो नावाची जी गोष्ट फळ्यावर कोरडी वाटते, ती तार एक सेंटिमीटर कापल्यावर मीटरचा काटा कसा हलतो हे पाहिलं की कायमची कळते. स्वस्त सेटचं सगळ्यात मोठं दान मला हेच वाटतं. पन्नास हजारांच्या यंत्राला मुलं हात लावायला घाबरतात. तीन हजारांच्या सेटवर प्रयोग करताना कोणी घाबरत नाही.

सर्वात रोमांचक प्रयोग डोक्यावरून जातो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि त्याची कक्षा अशी आहे की आपल्या शहरावरून ते वारंवार जातं. एका फेरीत ते फार तर दहा मिनिटं क्षितिजाच्या वर असतं. त्याच्यावर हॅमांसाठी रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र, बसवलेला आहे. तो चालू असला की आपण १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं. गंमत अशी की स्थानक आपल्याकडे येत असताना डॉप्लर परिणामामुळे त्याची कंप्रता वर सरकलेली असते आणि दूर जाताना खाली. म्हणून सेटमध्ये पाच वाहिन्या भरून ठेवतात: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०. स्थानक उगवताना पहिल्यापासून सुरुवात, मावळताना शेवटची. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात रेल्वे इंजिनाच्या शिट्टीने समजावलेला डॉप्लर इथे अंगठ्याने अनुभवता येतो. रबरी कांडीपेक्षा हातात धरायची छोटी यागी अँटेना हवी. ती प्लास्टिकचा पाइप आणि सुताराच्या जुन्या पोलादी मोजपट्टीचे तुकडे यांतून घरी तयार होते. अँटेना आकाशात स्थानकाच्या दिशेने फिरवत राहायची.

कधी कधी हेच स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतं. सेटमधून किरकिर, शिट्ट्या असा आवाज येतो. मोबाइलवरचं ॲप तो आवाज ऐकून ओळीओळीने चित्र उभं करतं. सेटच्या स्पीकरजवळ फोन नुसता धरायचा, केबलचीही गरज नाही. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा त्यांनी बंगळुरू आणि शिलाँग इथल्या कार्यक्रमांत विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून संवाद साधला. अशी संधी शाळांना अर्ज करून मिळते. आपल्या शहरात एमजीएमचं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अंतराळ विज्ञान केंद्र आहे, शाळांना आकाशाकडे पाहायची सवय लावणारे लोक आहेत. संभाजीनगरच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी अंतराळवीराला मराठी वळणाच्या इंग्रजीत प्रश्न विचारते आहे, हे चित्र मला अशक्य वाटत नाही.

* * *

छंद म्हणून हे सगळं आनंदाचं आहेच. पण मराठवाड्यात बसून हॅम रेडिओवर लिहायचं आणि किल्लारीच्या भूकंपावर लिहायचं नाही, हे होणार नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जवळपास नाहीशी झाली. जवळपास दहा हजार माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या वेळी देशात मोबाइल नव्हता. पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला. फोनची लाइन असायची ती तालुक्याच्या ठिकाणी, आणि तीही तुटलेली. अशा वेळी देशभरातले हॅम भूकंपग्रस्त भागात पोहोचले, बॅटरीवर केंद्रं मांडली आणि निरोप वाहिले. कुठे डॉक्टर हवेत, कुठे तंबू, कोणाचा कोण जिवंत आहे. नियम एरवी तिऱ्हाइताचे निरोप नेऊ देत नाहीत, पण आपत्तीत दळणवळण कोसळलं की ती मुभा मिळते. २००१ च्या भुज भूकंपात, २००४ च्या त्सुनामीत अंदमानात आणि २०१८ च्या केरळच्या पुरात हेच घडलं. अंदमानात तर भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचं हॅमांचं पथक दुर्मिळ केंद्र चालवण्याच्या हौसेने पोर्ट ब्लेअरला गेलेलं होतं. २६ डिसेंबरच्या सकाळी त्या हौसेचं रूपांतर बेटांच्या जीवनवाहिनीत झालं.

आता मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, मग पाच वॅटच्या सेटची काय मातब्बरी, असं कोणी विचारेल. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरीवर, मग डिझेलवर, आणि डिझेल पोहोचवणारा रस्ता पाण्याखाली असला की बंद. फायबरची तार पुलासोबत वाहून जाते. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि त्याच दिवशी घाटाखालच्या चाळीसगावात पूर शिरला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने जो पाऊस पाहिला, त्यात जायकवाडीतून लाखो क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि पैठणच्या गोदाकाठच्या लोकांना घरं सोडावी लागली. अशा दिवशी गावातून तहसीलपर्यंत एक निरोप खात्रीने जाणं याची किंमत काय असते, हे गोदाकाठचा माणूस सांगेल.

हँडसेटची मर्यादा इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. घाटाच्या वळणावर, दरडीच्या पलीकडे अडकलेल्या माणसाचे तरंग समोरच्या कड्यावर आपटून थांबतात. त्याला कड्याच्या माथ्यावर उभा राहून निरोप पुढे देणारा दुसरा माणूस लागतो, किंवा उंचावर रिपीटर लागतो. रिपीटर एका कंप्रतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. दोन मीटरवर हे अंतर ६०० किलोहर्ट्झचं असतं. म्हैसमाळच्या उंचीवर असं यंत्र चालतं असेल तर पैठणमधला माणूस खिशातल्या सेटवरून सिल्लोडमधल्या माणसाशी बोलू शकेल. म्हैसमाळला दूरदर्शनचा मनोरा उभा आहेच. उंचीचा उपयोग काय असतो हे सरकारला केव्हाच कळलेलं आहे. आणि मुंबई-दिल्लीपर्यंत निरोप न्यायचा तर हँडसेट कामाचा नाही. तिथे लघुलहरींचा मोठा सेट आणि लांब तार हवी. हँडसेट पहिला टप्पा गाठतो. आपत्तीत बहुतेक वेळा तुटतो तो हाच टप्पा.

या शहराला रेडिओ नवा नाही. निजामाच्या राज्यात त्याला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, स्वतःचं नभोवाणी केंद्र होतं. संस्थानं विलीन झाल्यावर आकाशवाणीने जी पाच संस्थानी केंद्रं ताब्यात घेतली, त्यांत म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम आणि हैदराबादच्या बरोबरीने औरंगाबादचं नाव आहे. एका सुभ्याच्या शहराला हा मान मिळाला होता, हे आज शहरातल्या फार थोड्यांना माहीत असतं. हॅमांचा स्वातंत्र्यलढ्यातला वाटाही विसरला गेला आहे. युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये इंग्रजांनी हौशी परवाने रद्द केले, तरी २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत जागा बदलत तो चालू राहिला. त्याचा प्रक्षेपक उभा करण्यात नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या हौशी रेडिओ जाणणाऱ्या माणसाचं तंत्रज्ञान होतं.

आज संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण देणारी नायलिट संस्था आहे, वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत रोज सोल्डरिंग आणि मोजमाप करणारे हजारो कुशल हात आहेत. शिक्षणसंस्थांना क्लब स्टेशनचा परवाना मिळू शकतो. एका महाविद्यालयाने एका सत्रात परीक्षेचा वर्ग घेतला, वीस मुलामुलींनी अर्ज केले, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने पावसाळ्याआधीच्या रंगीत तालमीत त्यांना एकेका तालुक्याला उभं केलं, तर या जिल्ह्याकडे एक अशी फळी तयार होईल जिला कोणत्याही कंपनीच्या मनोऱ्याची गरज नाही. सेटचा खर्च मुलं स्वतः करू शकतील इतका तो कमी झाला आहे. महाविद्यालयाने द्यायचं आहे ते एक शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि गच्चीची किल्ली.

ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की क्रम चुकवू नका. आधी ऐका, मग अभ्यास करा, मग परीक्षा द्या, आणि परवाना हातात पडल्यावरच सेट घ्या. मुलांना दिवाळीत भेट म्हणून सेट आणून देण्याऐवजी परीक्षेचं पुस्तक आणून द्या. अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार या संकेतस्थळावर करायचा असतो, आणि वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली असली की तो करता येतो.